वृद्धशुश्रूषागृहांची तपासणी

वृद्धांच्या शुश्रूषागृहाची तपासणी म्हणजे केवळ नोंदवह्या चाळणे नव्हे. अंथरुणास खिळलेल्या वृद्धाची कूस वेळेवर बदलली जाते की नाही, हे नोंदवहीपेक्षा त्याच्या पाठीवरील व्रण अधिक खरे सांगतात. तपासणीचा रोख रहिवाशाच्या अवस्थेकडे असावा, हे तत्त्व अमेरिकेतील १९८७ च्या कायद्याने मान्य केले. तपासनीसाने पूर्वसूचनेवाचून यावे व रहिवाशांशी प्रत्यक्ष बोलावे, तसेच दोन तपासण्यांत १५ महिन्यांहून अधिक अंतर पडू नये, असे तेथे ठरले. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी वृद्धांस बांधून ठेवण्यास मनाई झाली. ती प्रथा पुढे पुष्कळ घटली. तथापि तपासणी वर्षातून एखादे वेळी होते, शुश्रूषा मात्र प्रत्यही करावी लागते. म्हणून आढळलेला दोष दूर झाला की नाही, हे पुन्हा जाऊन पाहिलेच पाहिजे. त्यावाचून वृद्धाच्या पदरी काहीच पडत नाही.