सांगितलेली चूक, वाचलेले प्राण

१ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळील डलेस विमानतळाकडे निघालेले टीडब्ल्यूए कंपनीचे विमान खराब हवेत माउंट वेदर या डोंगरावर आदळले. विमानातील ९२ जणांपैकी एकही वाचला नाही. नियंत्रण कक्षाने उतरण्याची परवानगी दिली, तेव्हा १८०० फुटांपर्यंत खाली येण्यास हरकत नाही, असा अर्थ वैमानिकांनी घेतला. डोंगराचे भान ठेवून उंची सांभाळणे हे वैमानिकांचेच काम, असे नियंत्रकांचे गृहीत होते. एकाच परवानगीचे दोन अर्थ झाले आणि त्या दोहोंच्या मध्ये डोंगर उभा होता.

याहूनही विदारक गोष्ट पुढे उघड झाली. सहाच आठवड्यांपूर्वी युनायटेड कंपनीचे एक विमान त्याच ठिकाणी, तसेच उतरताना थोडक्यात बचावले होते. कर्मचाऱ्यांनी निर्भयपणे घटना कळवाव्यात, अशी व्यवस्था युनायटेडने त्याच वर्षी सुरू केली होती. त्या वैमानिकांनी घडलेले सांगितले आणि कंपनीने आपल्या सर्व वैमानिकांना सावध केले. मात्र तो इशारा इतर कंपन्यांच्या वैमानिकांपर्यंत पोहोचला नाही.

या दुर्घटनेनंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने अशा घटना कळवण्याचे आवाहन केले. परंतु जो परवाना काढून घेऊ शकतो, त्याच्याच हाती आपली चूक कोण देणार? म्हणून १९७६ मध्ये हे काम नासा या त्रयस्थ संस्थेकडे सोपवण्यात आले. नासाला दंड करण्याचा अधिकार नव्हता. अहवालातील नाव-पत्त्याचा भाग वेगळा करून तो पाठवणाऱ्यालाच परत दिला जाई आणि उरलेल्या मजकुरातून सर्वांसाठी बोध काढला जाई. चूक अजाणता घडली असेल आणि ती दहा दिवसांच्या आत कळवली असेल, तर ठरावीक अटींवर शिक्षा माफ होते. आजवर तेथे दहा लाखांहून अधिक अहवाल जमा झाले आहेत.

जैन परंपरेला यातील मर्म अपरिचित नाही. आलोचनेत साधक आपला दोष गुरूंपुढे जसाच्या तसा मांडतो. तो दोष ऐकणाऱ्या आचार्यांच्या गुणांत ‘अपरिस्रावी’ हा एक गुण सांगितला आहे. ज्यांच्या ठायी ठेवलेला दोष बाहेर झिरपत नाही, ते अपरिस्रावी. दोष सांगणाऱ्याने सरळ असावे, एवढीच अपेक्षा पुरेशी नाही. ऐकणारा विश्वासपात्र असावा लागतो, हे त्या परंपरेने ओळखले होते.

याचा अर्थ प्रत्येक चूक क्षम्य, असा मात्र नव्हे. मद्यपान करून विमान चालवणारा किंवा तपासणी न करताच नोंदवहीत सही करणारा तंत्रज्ञ या सवलतीस पात्र नाही. अजाणता घडलेली चूक आणि जाणूनबुजून केलेली हेळसांड यांत न्याय्य व्यवस्था भेद करते. गृहस्थधर्मही संकल्पपूर्वक केलेली हिंसा आणि उद्योगात अपरिहार्यपणे घडणारी हिंसा वेगळी मानतो. तरीही उद्योग करणाऱ्याला यतनेतून सूट देत नाही. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला मूळ स्थान दिले आहे, हे येथे विसरता येत नाही.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१३ पासून सुरक्षा व्यवस्थापनासाठी स्वतंत्र परिशिष्ट लागू केले. धोरण, धोक्याचे मूल्यमापन, पडताळणी आणि प्रशिक्षण ही त्या व्यवस्थेची चार अंगे होत. परंतु फायली तयार झाल्या म्हणजे संस्कृती रुजली, असे होत नाही. धावपट्टीवर राहिलेला पाना हरवल्याचे सांगणाऱ्या मदतनिसाला वरिष्ठ काय उत्तर देतात, यावर ती रुजते. त्याचे आभार मानले, विमान थांबवून पाना शोधला आणि पुढे काय बदलले हे त्याला कळवले, तर दुसऱ्या दिवशी आणखी चौघे बोलतात. त्याचा पगार कापला, तर पुढचा पाना गुपचूप विमानातच राहतो. म्हणूनच कळवलेल्या चुकांची संख्या वाढली, तर ते केवळ अव्यवस्थेचे लक्षण मानू नये. बहुधा तो विश्वास वाढल्याचा पुरावा असतो.

पेढी, गोदाम आणि कारखाना यांनाही हाच नियम लागू पडतो. उघडी पडलेली वायर, अडखळणारी लिफ्ट, पोत्यांची कललेली थप्पी हे सर्वप्रथम हमालाच्या, मदतनिसाच्या नजरेस येते. मालकापर्यंत ते शेवटी पोहोचते. मधले अंतर पायऱ्यांचे नसते, भीतीचे असते. ते कमी करणे नोकराच्या हाती नाही. शेठजींनी पहिली तक्रार कपाळावर आठी न घालता ऐकली, म्हणजे त्या कामाला आरंभ होतो. अहिंसा केवळ ताटातील अन्नापुरती नाही; आपल्या छपराखाली राबणारा माणूस संध्याकाळी सुखरूप घरी परतावा, ही दक्षता हेही तिचेच आचरण आहे.