पितळेचा पुळका

काशाच्या भांड्यात शिजवले तर अन्नातली ३ टक्के पोषकद्रव्ये जातात, पितळेच्या भांड्यात ७ टक्के, प्रेशर कुकरमध्ये तब्बल ८७ टक्के, आणि मातीच्या भांड्यात मात्र सगळी शाबूत राहतात... हा मजकूर तुमच्या मोबाइलवर आला नसेल तर तुमच्याकडे मोबाइलच नाही असे मी समजते! सकाळी फुलांच्या चित्राबरोबर येतो, खाली 'आपल्या पूर्वजांचे विज्ञान' असे लिहिलेले असते, आणि चांगली शिकली-सवरलेली माणसे तो पुढे ढकलतात.

आता मला सांगा, कोणती पोषकद्रव्ये? डाळीतले लोह, नाचणीतले कॅल्शियम ही काही वाफ होऊन उडणारी वस्तू नव्हे. भाजी शिजवून पाणी फेकून दिले तर ती त्या पाण्याबरोबर जातील, भांडे सोन्याचे असले तरी! आच, वेळ, पाणी आणि हवा या चौघांनी नासते ते मुख्यतः क जीवनसत्त्व आणि ब गटातली काही. कुकर तर झाकणबंद असतो आणि वेळ कमी घेतो. आणि गंमत म्हणजे क जीवनसत्त्वाचा वैरी असा एक धातू खरोखरच आहे. तो म्हणजे तांबे. तांब्याचा अंश उतरला की क जीवनसत्त्व हवेशी संयोग होऊन भराभर नष्ट होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, कासे म्हणजे तांबे आणि कथील. म्हणजे ज्याचा गौरव चालला आहे तोच चोर निघाला. असो.

हे नुसते मोबाइलवर राहिले असते तर मी लिहायला बसले नसते. पण हे आता दुकानांत उतरले आहे. गेल्या हिवाळ्यात बडोद्याला चुलत बहिणीकडे गेले होते. तिच्या सुनेला भांडी घ्यायची होती म्हणून लहरीपुऱ्यात गेलो. जुन्या कोटाचा हा पश्चिमेकडचा दरवाजा. त्यातून आत शिरले की बाजाराच्या गर्दीतून सरळ मांडवीपर्यंत जाता येते. जुन्या बडोद्यातले गुजराती दुकानदार गिऱ्हाईक मराठी दिसले की सहज मराठीवर येतात, ही गायकवाडी पुण्याई अजून शिल्लक आहे. दुकानात पुढच्या फळीवर स्टील नव्हतेच. लखलखीत पितळी पातेली, कढया, डबे, आणि प्रत्येकावर 'टॉक्सिन-फ्री' अशी चिठ्ठी. किंमत स्टीलच्या कितीतरी पट. सुनेच्या कडेवर सात महिन्यांचे बाळ पाहून दुकानदाराने एक छोटी पातेली काढली. म्हणाला, "बेन, बाळाचं दूध यातच तापवा, हाडं मजबूत होतील."

मी आत बोट फिरवून विचारले, "कल्हई कुठाय?"

"कलाई आता कोण करतो, मावशी? आणि कलाईने तर पितळेचा गुण झाकला जातो ना!"

वाचकहो, याला मी अडाणीपणा म्हणून सोडून द्यायला तयार नाही. कारण नेमक्या याच गोष्टीची, म्हणजे कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तापवलेल्या बाळाच्या दुधाची, किंमत महाराष्ट्रातल्या मुलांनी मोजलेली आहे.

वैद्यकाच्या पुस्तकांत एका रोगाचे नावच 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' असे आहे. कलकत्त्याहून १८८७ साली त्याचे पहिले वर्णन आले. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतची मुले, चिडचिड, फुगलेले पोट, दगडासारखे घट्ट यकृत, मग कावीळ, आणि बहुतेकदा काही महिन्यांत शेवट. एकाच घरात एकामागून एक मुले जायची. लोक दैवाला बोल लावीत, बाईच्या पायगुणाला लावीत, दृष्ट काढीत. या मुलांच्या यकृतात तांबे प्रचंड प्रमाणात साठलेले असते हे कळले तेव्हा प्रश्न आला, की दूधपित्या मुलांच्या पोटात एवढे तांबे येते कुठून?

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. टॅनर यांच्याबरोबर या प्रश्नाचा पाठपुरावा केला. १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे म्हणणे छापून आले. पुढे १९८७ साली आजारी मुले आणि त्याच वयाची निरोगी मुले यांच्या दूध पाजण्याच्या सवयी जोडीजोडीने ताडून पाहिल्या. आजारी मुलांना वरचे दूध फार लवकर सुरू झाले होते, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेले असे. दुधातली प्रथिने तांब्याला धरून ठेवतात, म्हणून असल्या भांड्यात राहिलेले दूध वरून पांढरेशुभ्रच दिसते आणि बाळाच्या पोटात थेंबाथेंबाने तांबे जात राहते. पुढे आयांना भांडे बदलायला सांगितले गेले, घरोघर पितळ जाऊन स्टील आले आणि १९९० नंतरच्या काळात हा रोग दिसेनासाच झाला. आजच्या तरुण डॉक्टरांना तो पुस्तकातच भेटतो. प्रत्येक बाळाला तो होत नसे. आनुवंशिक कलही त्यात असावा असे जाणकार मानतात. पण कोणत्या बाळात तो कल आहे हे दुकानदाराला कसे कळणार?

आणि हे फक्त 'इंडियन'ही नव्हते. ऑस्ट्रियात टायरोल नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळे अशाच आजाराने गेली. तिथल्या शेतकऱ्यांच्या घरीही गायीचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात उकळून बाळाला देत. भांडी बदलली, रोग गेला. १९९६ साली हाही हिशेब 'लॅन्सेट'मध्येच आला.

आता पूर्वजांच्या विज्ञानाबद्दल. पूर्वजांना हे कळत नव्हते असे कोण म्हणतो? मराठीत 'कळकणे' हे क्रियापद आहे. ताक कळकले, आमटी कळकली, असे माझी आजी म्हणायची. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ राहिला, त्याला हिरवट छटा आणि ती विचित्र चव आली की तो फेकून द्यायचा. लोणचे चिनी मातीच्या बरणीत, दही दगडीत, चिंचगुळाची आमटी कल्हईच्या पातेल्यात, हे सगळे शास्त्र त्या एका शब्दाच्या पोटात आहे. आमच्या गोव्यात तर प्रश्नच नाही. निस्त्याच्या हुमणात आमसुले नाहीतर चिंच, ख्रिस्ती घरांत व्हिनेगार, बिमली. सगळा आंबटाचा कारभार! म्हणून हुमण मातीच्या बुडकुल्यात आणि न्हाणीघरात पाणी तापवायला तांब्याचे भाण. ज्याची जागा जिथे, तिथे ते. पूर्वजांच्या नावाने पितळ विकणाऱ्यांनी पूर्वजांचा कल्हईवाला तेवढा गाळून टाकला, आणि शहाणपण नेमके त्याच्याच भात्यात होते.

आणखी एक गोष्ट, जी या चिठ्ठ्यांवर कधी लिहिलेली नसते. ही भांडी घासायची कोणी? चिंच, राख, आता पितांबरी, आणि ओट्याशी उभी राहिलेली बाई. माझ्या आईच्या पिढीने पितळेची वजनदार पातेली मोडीत घातली, बोहारणीला जुनी लुगडी देऊन स्टीलच्या वाट्या घेतल्या, त्यात फॅशनचा भाग होताच. पण मनगटांची सुटकाही होती, आणि हे पितळप्रेमी पुरुष लेखकांना कधी सुचत नाही. आईने किलोच्या भावाने विकलेले पितळ आता मुलीला 'हेरिटेज' म्हणून दहापट भावाने परत विकतात. धंदा म्हणून मानले पाहिजे!

दुसरी दंतकथा ॲल्युमिनियमची. इंग्रजांनी हिंदी कैद्यांना हळूहळू मारण्यासाठी तुरुंगात ॲल्युमिनियमची भांडी आणली म्हणे. खरी हकीकत अशी, की १८९८ च्या सुमारास मद्रासच्या स्कूल ऑफ आर्ट्सचे प्रमुख आल्फ्रेड चॅटर्टन यांनी तिथल्या कारागिरांकडून ॲल्युमिनियमची भांडी घडवून घ्यायला सुरुवात केली. देशी कारागिराला नवा धंदा मिळावा हा त्यांचा हेतू होता आणि तो प्रयोग पुढे कंपनीत रूपांतरित झाला. त्याआधी पन्नासेक वर्षे हा धातू इतका महाग होता की फ्रान्सचा तिसरा नेपोलियन खास पाहुण्यांना ॲल्युमिनियमचे काटेचमचे मांडीत असे. विष देण्यासाठी कोणी एवढा खर्च करीत नाही.

मग ॲल्युमिनियम निर्दोष का? तसे नाही. आंबटात ते उतरते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २०११ साली आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकते. मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्यांनी मात्र जपायला हवे. सोलकढी, हुमण, टोमॅटोचे सार ॲल्युमिनियमच्या टोपात शिजवू नये, निदान साठवून ठेवू नये, एवढे पुरे. स्मृतिभ्रंशाचा त्याच्याशी संबंध सिद्ध झालेला नाही.

खरे भय वेगळे आहे आणि त्याबद्दल एकही संदेश येत नाही. शिसे! भंगारातून वितळवलेल्या ॲल्युमिनियममध्ये, हिंडालियममध्ये, पितळेत ते मिसळून येते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात निर्वासित अफगाण मुलांच्या रक्तात शिसे का वाढते हे शोधताना अधिकारी त्यांच्या घरच्या पातेल्यांपर्यंत पोचले. २०२४ साली त्या राज्याने भांड्यांतल्या शिशाविरुद्ध कायदाच केला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने परदेशातून आलेल्या ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियमच्या काही भांड्यांबद्दल जाहीर इशारा दिला, आणि त्या यादीत भारतात बनलेला माल होता. आपली पातेली तिथे पकडली जातात आणि इथे आपण कुकरला शिव्या देतो!

मी सरकारी कारकून. परिपत्रके वाचण्यात आयुष्य गेले, म्हणून हेही सांगते. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे करणारा आदेश काढला. लहरीपुऱ्याच्या त्या दुकानात 'टॉक्सिन-फ्री' चिठ्ठी शंभर भांड्यांवर होती, आयएसआयचे चिन्ह विचारले तेव्हा दुकानदाराने लोहचुंबक आणून दाखवला. चिकटला नाही म्हणजे स्टील चांगले, म्हणे. हीही भाबडी समजूत. निकेल कमी आणि मँगनीज जास्त घातलेल्या स्वस्त २०० मालिकेच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले ३०४ हवे असेल तर ठसा आणि पावती याशिवाय उपाय नाही. ज्या संस्थानात सयाजीरावांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ज्या शहरात हंसाबेन मेहतांच्या कुलगुरुपदाखाली गृहविज्ञानाची विद्याशाखा उभी राहिली, तिथल्या भर बाजारात भांड्याची परीक्षा चिठ्ठीवर आणि चुंबकावर चालते. वाईट वाटले.

नॉनस्टिकबद्दल थोडक्यात. त्याचा थर पोटात गेला तर बहुधा तसाच बाहेर पडतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरलात तर मात्र त्याच्या धुराने पिंजऱ्यातला पोपट मरतो, म्हणून मंद आच ठेवावी आणि खरवडलेला तवा टाकून द्यावा. पण या जातीच्या रसायनांचे खरे पाप तव्यात नसून कारखान्याच्या सांडपाण्यात आहे. थर देताना पूर्वी वापरीत त्या पीएफओए या रसायनाला २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोगकारक ठरवले. त्याच कुळातली रसायने करणारा इटलीतल्या विचेंझाजवळचा मितेनी कारखाना लाखो लोकांचे पिण्याचे पाणी नासवून २०१८ साली दिवाळखोरीत गेला. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने अकरा जणांना तुरुंगवास सुनावला. आणि त्या कारखान्याची यंत्रे? ती विकत घेऊन आणली आहेत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामला. कोकणातला माणूस तव्याची काळजी करतो, त्याने वाशिष्ठीच्या पाण्याची आधी करावी.

बडोद्याला सुनेने शेवटी स्टीलचे जाड बुडाचे पातेले घेतले, ठसा पाहून. भाकरीला बिडाचा तवा, पालेभाजीला लोखंडी कढई (बायकांच्या अंगात रक्त कमी, तेवढेच लोह), हुमणाला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातले झिलई नसलेले मडके. झिलईत शिसे असू शकते, म्हणून साधेच घ्यावे. आजीचे पितळी पातेले घरात असेल तर मोडीत घालू नका, चवथीच्या आधी कल्हई करून घ्या. मात्र कल्हईवाल्याजवळ बसा. तो नवसागर टाकून कापसाने फिरवतो ते कथील शुद्ध आहे का, की त्यात स्वस्त शिसे मिसळले आहे, हे विचारा. शुद्ध कथलाची पट्टी कानाशी धरून वाकवली की कुरकुर असा आवाज येतो, शिशाचा येत नाही. आणि कल्हईच्या भांड्यात रिकामी फोडणी करू नका. कथील २३२ अंशालाच वितळते.