यादीनंतरचा फोन कोण करणार?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,


रुग्णांच्या नोंदी चाळून आत्महत्येचा धोका ओळखणारी एखादी संगणकप्रणाली उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी तुमच्या टेबलावर येईल. सही करण्याआधी थोडा हिशेब पाहावा.

2021 मध्ये अमेरिकी संशोधकांनी तो ‘जामा सायकियाट्री’त मांडला. तिथे वर्षाला लाखामागे सुमारे 15 आत्महत्या होतात. धोका नसलेल्या 95 टक्के लोकांना प्रणालीने बरोबर वगळले, तरी लाखात पाच हजार जणांवर उगाच लाल खूण पडते. पंधरातले चौथाई ओळखले, तर खरे सापडतात जेमतेम चार. गंमत म्हणजे एवढे ढोबळ भाकीतही परवडू शकते! खूण पडलेल्यांशी नुसता संपर्क ठेवायचा, तर धोक्यातल्या शंभरांपैकी 17 जण ओळखले तरी पुरे. मानसोपचार द्यायचे, तर 36 लागतात. डॉलरांतल्या खर्चावर बेतलेले हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू नाहीत. पण भाकीत परवडते की नाही, हे पुढे काय करणार यावर ठरते, एवढे नक्की.

आता आपली ओपीडी. बाई सांगते, अंग दुखतं, झोप नाही, जेवण जात नाही. रांग दारापर्यंत. डॉक्टर पॅरासिटामॉल आणि बी-कॉम्प्लेक्स लिहून केसपेपर पुढे सरकवतात. पडद्यावर लाल ठिपका उमटलाच, तर तिला बसवायचे कुठे आणि तिच्याशी बोलणार कोण?

बोलण्याने फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, चेन्नईसह पाच ठिकाणी, आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या 1,867 जणांवर एक प्रयोग केला होता. एका गटाशी सुरुवातीला तासभर बोलणे, मग दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. त्या गटात आत्महत्येने मृत्यू 0.2 टक्के, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 2.2.

तुमच्या खात्याने 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ राबवला आहे, गावोगावी आशाताई आहेत, 14416 वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे. तेव्हा आधी प्रत्येक केंद्रात अशा बोलण्यासाठी आणि पाठपुराव्यासाठी शिकवलेली एक परिचारिका द्या आणि पाठपुराव्याच्या प्रत्येक भेटीचे आशाताईंना वेगळे मानधन, तेही वेळेवर. (आणखी एक फुकटचे रजिस्टर त्यांच्या गळ्यात नको.) प्रणाली त्यानंतर घ्या. येत्या अर्थसंकल्पात ही तरतूद व्हावी, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक नागरिक