राजा ढाले आणि दादावादाचा सोयीस्कर शिक्का

साठोत्तरी लघुनियतकालिकांच्या चळवळीचा विचार करताना आपल्या समीक्षेला एक शिक्का फार सोयीचा वाटत आला आहे : दादावादाचे उशिरा झालेले अनुकरण. राजा ढाले यांच्या 'येरू', 'चक्रवर्ती' आदी अनियतकालिकांवर तो एकदा उमटवला की त्यांतील नकार उसना ठरतो आणि ज्या व्यवस्थेला तो नकार होता तिची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. १९७२ मध्ये दलित पँथरच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ढाले मग राजकीय इतिहासाच्या स्वाधीन केले जातात. एका लेखकाची अशी वाटणी करणारी समीक्षा दादावादालाही नीट ओळखत नाही.

दादावाद एकजिनसी नव्हता. झुरिकच्या कॅबरे व्होल्तेअरमध्ये १९१६ साली ह्यूगो बाल, त्रिस्तां झारा प्रभृतींनी महायुद्धाला संमती देणाऱ्या संस्कृतीची भाषाच मोडीत काढली. १९१७ मध्ये द्यूशां याने मुतारीचे भांडे 'कारंजे' या नावाने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाकडे धाडले आणि कलाकृती कोणी ठरवायची, हा प्रश्न उभा केला. बर्लिनमध्ये हाना ह्योख, जॉन हार्टफिल्ड यांनी छापील मजकूर आणि छायाचित्रे कापून-जोडून सत्तेला तिच्याच सामग्रीतून उघडे पाडले. या चळवळींचा हल्ला विशिष्ट शैलीवर नसून 'कला' या संस्थेवर होता, हे पेटर ब्यूर्गर याने १९७४ मध्ये मांडलेले सूत्र येथे उपयोगी पडते. ढाले यांचा 'सत्यकथेची सत्यकथा' हा लेख आणि १९६९ मधील 'सत्यकथे'च्या अंकाची होळी यांना या सूत्राने पाहिले, तर तो तारुण्यसुलभ उद्दामपणा राहत नाही. साहित्य कशाला म्हणावे हे ठरवणाऱ्या अधिकारालाच ते आव्हान होते.

हे आपल्याला दिसत नाही याचे कारण आपल्या सौंदर्यशास्त्रात आहे. मर्ढेकरांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील मर्ढे. ढाले यांचा जन्म १९४० चा, सांगलीजवळच्या नांद्रे गावचा. सांगली जिल्ह्याचे नाव १९६० पर्यंत 'दक्षिण सातारा' असेच होते. या शेजारातून वाङ्मयीन नाते सिद्ध होत नाही. सैद्धांतिक अंतर मात्र त्यामुळे अधिक डोळ्यांत भरते. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मधील संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे कृतीच्या अंतर्गत रचनेचे उत्तम विवेचन करतात. पण कृतीला कृती म्हणून मान्यता देणारी संस्था त्यांच्या कक्षेत येतच नाही. ज्या कवीच्या कवितेवर अश्लीलतेचा खटला भरला गेला, त्याच्याच सिद्धांताच्या आधारे पुढील पिढीचा विद्रोह 'साहित्यबाह्य' ठरावा, हा विपर्यास आहे.

'साधना'च्या १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकातील 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख पाहावा. दलित स्त्रीच्या विटंबनेला पन्नास रुपये दंड, राष्ट्रध्वजाच्या अवमानाला तीनशे : या दोन आकड्यांना ढाले यांनी समोरासमोर आणले. दोन्ही आकडे व्यवस्थेचेच. जोडणी तेवढी लेखकाची. बर्लिनच्या चित्रजोडणीचे तत्त्व याहून वेगळे नाही. हा मजकूर पत्रकारितेचा आहे, साहित्याचा नव्हे, असा आक्षेप घेतला जाईल. पण वृत्तपत्राचे कात्रण चौकटीत आले की कला आणि नियतकालिकाच्या पानावर राहिले की बातमी, हा भेद कोणत्या लयतत्त्वाने करायचा?

साम्य येथवरच. झुरिकचे कलावंत त्यांना वारशाने मिळालेली संस्कृती नाकारत होते. ढाले यांचा नकार त्यांना कधी आत न घेणाऱ्या संस्कृतीला होता. म्हणून त्यात अर्थशून्यतेचा उत्सव नाही. अर्थाचा हिशेब मागणे आहे. त्याला शून्यवाद म्हणणारा समीक्षक जात हा घटक वगळूनच तसे म्हणू शकतो.

२०१९ मध्ये ढाले गेले. अनियतकालिकांचा कागद विरत चालला आहे. त्यांच्या विश्वासार्ह संपादित आवृत्त्या ही विद्यापीठीय मराठी विभागांची जबाबदारी आहे. मूळ अंक समोर न ठेवता 'दादावादी' हे विशेषण वापरणे समीक्षेने आता थांबवावे.