जाणाऱ्याच्या तोंडी उत्तर हवे

जुलै उलटला की मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर मध्यरात्रीच्या सुमारास एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. सांगली, नाशिक, अकोला अशा गावांहून गाडी करून आलेली कुटुंबे दाराबाहेर उभी असतात. मध्यभागी विशी-बाविशीचा मुलगा किंवा मुलगी, कपाळाला टिळा, शेजारी दोन भल्यामोठ्या बॅगा. घरच्या काट्यावर तीनतीनदा वजन केलेल्या त्या बॅगांत प्रेशर कुकर आहे, मेतकूट आहे, भाजणी आहे आणि आजीच्या हातची गोधडीही आहे. वडील सारखे घड्याळ पाहतात. आई काहीच बोलत नाही. या प्रवासासाठी कोणी घर गहाण ठेवलेले असते, तर कोणी निवृत्तीची पुंजी मोडलेली असते.

बॅग आईने भरली. पण पाठीवरच्या पिशवीतील कागदांची फाइल कोणी भरली? बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर एकच असते : ‘एजंटने’. विद्यापीठ त्याने निवडले, अर्ज त्याने भरला, मुलाखतीची उत्तरेही त्यानेच पाठ करून घेतली. मुलाने फक्त सही केली. आमच्या मते सारा धोका येथेच आहे. परदेशी शिकावयास जाणाऱ्याने आपली फाइल स्वतः भरली पाहिजे आणि तिच्यातील प्रत्येक पानाचा अर्थ त्याला ठाऊक असला पाहिजे. मार्गदर्शन अवश्य घ्यावे. पण मार्गदर्शन घेणे वेगळे आणि आपले भवितव्य दुसऱ्याच्या हाती सोपवून निर्धास्त होणे वेगळे.

या संदर्भात आनंदीबाई जोशी यांची आठवण होते. १८८३ च्या फेब्रुवारीत, वयाची अठरा वर्षेही पूर्ण झालेली नसताना, त्यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर व्याख्यान दिले. मी अमेरिकेस का जाते, हाच त्याचा विषय होता. लोकांच्या मनातील एकेक शंका घेऊन त्यांनी तिला उत्तर दिले. पुढे एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. तेथे थिओडोसिया कार्पेंटर या बाई त्यांना उतरवून घेण्यास आल्या होत्या. दोघींचा पत्रव्यवहार त्यापूर्वीच कित्येक महिने सुरू होता. आपण कशासाठी जातो याचे स्वतःच्या तोंडचे उत्तर आणि पलीकडच्या किनाऱ्यावर विश्वासाचे एक माणूस, या दोन गोष्टी आनंदीबाईंजवळ होत्या. आज विमान आले, संगणक आला. पण निघणाऱ्याची खरी शिदोरी अजूनही हीच आहे.

अमेरिकेचेच उदाहरण पुढे नेऊ. विद्यापीठ प्रवेशाबरोबर ‘आय-२०’ नावाचा दाखला देते. त्याच्या आधारे ‘सेविस’ या सरकारी नोंदणीचे शुल्क भरावयाचे, ‘डीएस-१६०’ हा अर्ज भरावयाचा आणि मग वकिलातीत मुलाखत द्यावयाची. ही मुलाखत बहुधा काही मिनिटांतच आटोपते. तिच्यामागचे तत्त्व मात्र थोड्या घरांना माहीत असते. विद्यार्थी-व्हिसा मागणारा कायमचा स्थायिक होण्यासच येत आहे, असे अमेरिकी कायदा गृहीत धरतो. तसे नाही, हे अर्जदाराने पटवून द्यावयाचे असते. म्हणूनच हाच विषय का, हेच विद्यापीठ का, खर्च कोण करणार, पुढे काय करणार, असे प्रश्न येतात. श्रीरामपूरच्या श्रोत्यांना जे विचारावयाचे होते, तेच खिडकीपलीकडचा अधिकारी विचारतो. पाठ केलेले उत्तर तो दिवसातून शंभरदा ऐकतो आणि ते त्याला लगेच ओळखू येते. अर्ज भरण्यास कोणी साहाय्य केले का, हेही त्या अर्जात विचारलेले असते आणि मजकुराची जबाबदारी सही करणाऱ्याचीच असते. जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती उघड झाली, तर त्या देशाची दारे कायमची बंद होऊ शकतात.

पैशाबाबतही हेच. चार दिवसांपुरती कोणाची तरी रक्कम खात्यात फिरवून ‘फंड दाखवण्याची’ युक्ती आपल्याकडे सर्रास सांगितली जाते. ब्रिटनमध्ये ती रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. जर्मनीत वर्षाच्या निर्वाहाची रक्कम वेगळ्या गोठवलेल्या खात्यात ठेवावी लागते आणि तिच्यातून दरमहा ठरावीक पैसेच हाती येतात. मुलगा तेथे उपाशी राहू नये, हाच या नियमांचा हेतू आहे. त्यांतून पळवाट काढणारा बाप शेवटी आपल्याच मुलाला फसवतो.

खोट्या कागदाची किंमत किती मोठी असते, हे गेल्या काही वर्षांनी पुरते दाखवले आहे. २०११ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर छापा पडला. तेथे नाव घातलेल्या विद्यार्थ्यांत मोठा भरणा भारतीयांचा होता. त्यांतील काहींच्या पायांत हालचालींवर पाळत ठेवणारी यंत्रे अडकवण्यात आली. २०१९ मध्ये मिशिगनमधील फार्मिंग्टन विद्यापीठ हा अमेरिकी गृहसुरक्षा खात्यानेच मांडलेला सापळा असल्याचे उघड झाले. तेथे ना शिक्षक होते, ना वर्ग. त्या वेळी पकडले गेलेले जवळजवळ सर्व विद्यार्थी भारतीय होते. २०२३ मध्ये कॅनडात अनेक भारतीय तरुणांना कळले की, काही वर्षांपूर्वी दलालाने दिलेले त्यांचे प्रवेशपत्रच बनावट होते. त्यांतील कित्येकांनी दुसऱ्या महाविद्यालयात शिक्षण पूर्ण केले होते, नोकरी धरली होती आणि कायम वास्तव्याचा अर्ज केला होता. त्यानंतर कॅनडाने प्रत्येक प्रवेशपत्र थेट संस्थेकडून पडताळून घेण्याची पद्धत डिसेंबर २०२३ पासून सुरू केली. जे काम आता एक सरकार करते, ते आपण घरबसल्या एका पत्राने करू शकत नव्हतो काय? विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला विद्यार्थ्याने स्वतः लिहून खात्री करून घ्यावी. एवढ्या एका सवयीने अनेक घरे वाचली असती.

आता प्रवासाविषयी. व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळाला, असा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. दार उघडावयाचे की नाही, हे विमानतळावरील अधिकारी ठरवतो. म्हणून पारपत्र, आय-२०, प्रवेशपत्र आणि पैशाचे पुरावे हाताच्या पिशवीतच हवेत, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत नव्हेत. अमेरिकेत अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी नव्या विद्यार्थ्यास प्रवेश मिळत नाही. तेव्हा स्वस्त तिकिटाच्या मोहाने लवकर निघू नये. अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांची अमेरिकी तपासणी अबुधाबीतच होते, त्यासाठी मधला वेळ पुरेसा ठेवावा. ताजी फळे, बी-बियाणे आणि आईने मायेने ठेवलेली कढीपत्त्याची डहाळी घरीच राहू द्यावी. जे खाद्यपदार्थ नेले असतील ते विचारल्यावर स्पष्ट सांगावेत. लपवले तर दंड होतो. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी.

पोहोचल्यावर खरी परीक्षा सुरू होते. अमेरिकेत उतरताच ‘आय-९४’ या नोंदीत विद्यार्थी-दर्जा बरोबर लिहिला गेला आहे, याची खात्री करावी आणि विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात लगेच हजेरी लावावी. व्हिसा आणि दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्ण वेळ अभ्यासक्रम न घेणे, न विचारता विषय सोडणे, बाहेर कोठे रोखीने काम करणे, यांतील एकही चूक दर्जा घालवू शकते. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. २०२५ च्या एप्रिलमध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेविस नोंदी अचानक रद्द झाल्या. अनेकांनी न्यायालयात दाद मागितली आणि महिनाअखेरीस त्या पूर्ववत होऊ लागल्या. अशा प्रसंगी ज्याची कागदपत्रे स्वच्छ असतात, तोच ताठ मानेने उभा राहू शकतो.

देश बदलला की नियम बदलतात. जर्मनीसाठी भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून ‘एपीएस’ हे शैक्षणिक पडताळणीचे प्रमाणपत्र आवश्यक झाले. तेथे घर घेतल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे पत्र लागते. म्हणून मामाच्या मुलाने पाच वर्षांपूर्वी सांगितलेल्या गोष्टींवर विसंबू नये. त्या त्या देशाच्या सरकारचे चालू नियम मुलाने स्वतः वाचावेत.

राहिला प्रश्न पलीकडच्या किनाऱ्यावरील माणसाचा. १९३२ पासून लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ आहे. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची शिखर संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळही अनेक दशके कार्यरत आहे. त्या त्या गावच्या मंडळींशी निघण्यापूर्वीच पत्रव्यवहार करावा. भारतीय दूतावासाकडे नाव नोंदवावे. २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो विद्यार्थ्यांना ‘ऑपरेशन गंगा’द्वारे परत आणले गेले, अशा वेळी आपले मूल नेमके कोठे आहे, हे सरकारला ठाऊक असणे किती मोलाचे असते, हे त्या आई-वडिलांना विचारावे. आणि इथल्या कार्यकर्त्यांनाही करण्याजोगे काम आहे. परदेशी शिकून आलेली माणसे आज प्रत्येक तालुक्यात सापडतात. गावच्या वाचनालयात वर्षातून दोन रविवार त्यांना बसवले, तर कितीतरी मुलांची फाइल विनामूल्य तपासली जाईल आणि दलालांची दुकाने थोडी ओस पडतील.

मूल परदेशी गेल्यावर आई-वडिलांनीही फोनवर केवळ ‘जेवलास का’ एवढेच विचारून थांबू नये. वर्ग आवडतो का, पैसे पुरतात का, मन रमते का, हेही विचारावे. कर्जाची आठवण रोज करून दिली, तर मुलगा अडचण सांगण्याऐवजी लपवू लागतो. चुकीचे पाऊल बहुधा तेथेच पडते.

विमानतळावर निरोप देताना फार बोलणे होत नाही. ते बोलणे आधीच, घरातल्या जेवणाच्या पानावर झालेले असावे. अर्ज भरण्यापूर्वी एका संध्याकाळी वडिलांनी मुलाला शांतपणे विचारावे : “तू कशासाठी जातोस?” त्याने स्वतःच्या शब्दांत, अडखळत का होईना, खरे उत्तर दिले, तर खुशाल तिकीट काढावे. उत्तरासाठी तो एजंटचा नंबर शोधू लागला, तर मात्र एक वर्ष थांबावे. गहाण घरापेक्षा थांबलेले वर्ष स्वस्त पडते.