परवाना कुणाच्या हाती?

ताडोबाला १९५५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पुढे वाघासाठी बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे उठली. ज्या जंगलातून मोह आणि तेंदूपत्ता आणायला गोरगरिबांना बंदी, त्याच जंगलात पर्यटकांची जिप्सी फिरवायला परवाना मिळतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ मध्ये पर्यटनासाठी प्रवेशाच्या परवानगीची तरतूद आहे.

परवान्याच्या अर्जात कुणी जात विचारत नाही. पण गाडी घ्यायला कर्ज लागते आणि बँक तारण मागते. भूमिहीन बौद्ध, आदिवासी तारण काय ठेवणार? मग पैसेवाला गाडीचा मालक होतो आणि आमचा तरुण त्याच गाडीवर रोजंदारीचा चालक!

२०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन काही काळ थांबवले होते. त्यानंतरच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्थानिकांच्या लाभाची भाषा आली. परंतु लाभ म्हणजे मजुरी नव्हे, मालकी!

म्हणून परवान्यांत अनुसूचित जाती-जमाती आणि महिला बचत गटांचा वाटा राखून ठेवा. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ व शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाने गाडीसाठी विनातारण कर्ज द्यावे. परवानाधारकांची यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी.

याच चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्या भूमीतल्या माणसाने पाहुण्यांना वाघ दाखवून बक्षिसीसाठी हात पसरायचा काय? बांधवांनो, अर्ज करा, संघटित व्हा आणि हक्काचा परवाना मागा!