उत्तर १४ लिहिले, मग फुली का?

२, ४, ८... पुढची संख्या कोणती? उत्तरसूचीत १६ असते. एखादी मुलगी १४ लिहिते आणि तिच्या वहीत लाल फुली पडते. तिला कारण विचारले तर ती सांगेल, 'आधी २ वाढले, मग ४ वाढले, आता ६ वाढणार.' तिचे काहीच चुकलेले नाही. प्रश्नच अपुरा आहे.

हे शिकवतात कशासाठी?

संख्यांच्या रांगेमागचा नियम ओळखणे म्हणजे आकृतिबंध ओळखणे. पुढे बीजगणितात हाच नियम अक्षरांत मांडायचा असतो. म्हणून इथे उत्तरापेक्षा नियम महत्त्वाचा. पण 'रिकामी जागा भरा' आणि चार पर्यायांच्या प्रश्नांत नेमका तोच दिसत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी संख्यामालिकांचे कितीही संच सोडवून घेतले, तरी मुलाला काय समजले ते कळत नाही.

काड्यांनी करून पाहा

काडेपेटीतल्या काड्यांनी एकाला एक जोडून चौकोन करा. एका चौकोनाला ४ काड्या लागतात, दोनला ७, तीनला १०. आता विचारा, १० चौकोनांना किती?

- '४०' म्हणणाऱ्याच्या लक्षात सामाईक काडी आलेली नाही.
- तीन-तीन मिळवत ३१ वर पोहोचणाऱ्याला वाढ कळली आहे.
- 'सुरुवातीची एक काडी आणि प्रत्येक चौकोनाला तीन' असे सांगणाऱ्याला नियम सापडला आहे. तो १०० चौकोनांचे उत्तरही लगेच देईल: ३०१.

रिकामी जागा भरायला दिली असती, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या मुलाला सारखेच गुण मिळाले असते. खरे तर दोघांना पुढे वेगवेगळे शिकवायला हवे.

वेळ कुठून आणायचा?

चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला कारण कधी विचारणार, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. पण दहा रिकाम्या जागांऐवजी तीनच प्रश्न देता येतील: पुढची संख्या कोणती, दहावी कोणती आणि कशावरून? उत्तराला एक गुण, कारणाला दोन. शिवाय रोज चार-पाच मुलांना तोंडी विचारले, तरी दोन आठवड्यांत वर्ग पूर्ण होतो.

पालकांनीही घरी वही तपासताना 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणण्याआधी एवढेच विचारावे, 'कसं काढलंस?' कदाचित १४ लिहिणारी मुलगी तुमच्याच घरात असेल.